ऊस सीझनमधला फाटा वरून मोजताना: ड्रोन ट्रॅफिक सर्व्हेच्या नोंदी

29 डिसेंबर 2024, रविवार

आजपासून नोंदी ठेवायला सुरू करतेय, म्हणजे पुढं कुणाला आपल्या गावच्या रस्त्याचं असंच काम करायचं असेल तर माझ्या चुका तरी त्यांना परत करायला नकोत.

काम असं आहे. पलूस तालुक्यात आमच्या गावच्या फाट्यावर ऊस सीझन चालू झाला की संध्याकाळी जाम होतं. दोन पदरी रस्ता, फाट्यावरून उजवीकडं कारखान्याचा रस्ता, मागं दोनशे मीटरवर अरुंद मोरी (ओढ्यावरचा छोटा पूल), आणि त्याच टायमाला हायस्कूल सुटतं. ग्रामपंचायतीनं मागच्या सीझनला अर्ज केला होता की इथं रस्ता रुंद करा, वळणाऱ्या ट्रॅक्टरला थांबायला जागा द्या. मग मोजणी झाली, दोन पोरं खुर्च्या टाकून लिंबाखाली बसली, रजिस्टरवर रेघा मारल्या, आणि उत्तर आलं की संध्याकाळी 5 ते 6 ला गाड्या दुपारपेक्षा कमी आहेत, सबब गरज नाही.

ते रजिस्टर मी स्वतः बघितलं. मी सिव्हिल डिप्लोमा केलेली, सांगलीत सर्व्हेची कामं करते, त्यामुळं सरपंच काकींनी मलाच बोलावलं. पोरांनी मोजणी खोटी केलेली नव्हती, अगदी बरोबर मोजलं होतं. पण जाम झालेल्या रस्त्यावर एका जागी बसून मोजलं तर गाड्या कमीच येणार ना, त्या पुढं सरकतच नाहीत! मोकळ्या रस्त्यावरून तासाला 300 गाड्या जातात आणि तुंबलेल्या रस्त्यावरूनही 300च जातात, रजिस्टरमध्ये दोन्ही सारखंच दिसतं. रस्त्यावर एका वेळी किती गाड्या उभ्या आहेत हे बघायचं तर वरनंच बघायला पाहिजे. एवढ्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप.

सामान: दादाचा लग्नाच्या शूटिंगचा छोटा ड्रोन, वजन 249 ग्रॅम, 4के व्हिडिओ. एक बॅटरी होती, दोन सेकंडहँड घेतल्या 5,200 ला. 128 जीबीचं कार्ड 1,100. 30 मीटरचा टेप माझा स्वतःचा. लॅपटॉप साधा, ग्राफिक कार्ड नाही. याचा त्रास पुढं होणार हे माहिती आहे.

4 जानेवारी 2025, शनिवार

अख्खा दिवस परवानगीत गेला पण गेला ते बरं झालं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणं 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथं वेगळी परवानगी लागत नाही तिथं, 400 फुटांपर्यंत उडवता येतो. सरकारच्या ड्रोन मॅपवर आमचा भाग हिरवा आहे. म्हणून उद्या लगेच उडवायचं ठरवलं होतं, पण दादा म्हणाला आधी ठाण्यात जाऊन ये. मागच्या पावसाळ्यात बऱ्याच गावांत रात्री ड्रोन फिरतायत, चोर टेहळणी करतायत अशा अफवा उठल्या होत्या. आपण न सांगता उडवला असता तर लोकांनी दगडं घेऊनच गाठलं असतं.

ठाण्यात लेखी पत्र दिलं, पोच घेतली. ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून दोन वेळा सांगितलं आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो, ड्रोनचा फोटो, तारखा, वेळा सगळं टाकलं. एका आजींनी घरी येऊन विचारलं की आमच्या अंगणातलं दिसणार का. त्यांना मोबाईलवर 100 मीटरवरचा फोटो दाखवला, माणूस म्हणजे ठिपका दिसतो, गाडीची नंबर प्लेट तर वरनं दिसतच नाही. तेव्हा त्यांचं समाधान झालं. ज्याला हे काम करायचं आहे त्यानं ही पायरी अजिबात सोडू नये.

9 जानेवारी, गुरुवार

पहिलं उड्डाण. पूर्ण वाया.

जास्त लांबचा रस्ता दिसावा म्हणून कॅमेरा 45 अंशात तिरका ठेवला, स्क्रीनवर इतकं सुंदर दिसत होतं की मी तीन बॅटऱ्या त्यातच घालवल्या. रात्री लॅपटॉपवर बघितलं तर ऊसाच्या ट्रॉलीमागं सगळ्या मोटरसायकली लपलेल्या. ट्रॉलीवर ऊस किती उंच रचतात आपल्याला माहितीच आहे, तिच्या आडोशाला तीन-तीन गाड्या गायब होतात. शिवाय जवळची कार मोठी, लांबची कार माचिसच्या काडीएवढी, म्हणजे मीटर मोजायचे कशानं?

कॅमेरा सरळ खाली, 90 अंश. दुसरं काही नाही.

12 जानेवारी, रविवार

सरळ खाली कॅमेरा ठेवून 100 मीटरवर. आता प्रत्येक गाडी वेगळी दिसते, पण फ्रेममध्ये रस्ता फक्त 140 मीटर मावतो. 120 मीटरवर, म्हणजे नियमाच्या कमाल उंचीला नेलं तरी 170 च्या आसपास. आमची रांग तर अर्ध्या किलोमीटरवर जाते.

दादाशी बराच वेळ बोलले. दोन ड्रोन आणायचे, भाड्यानं आणायचा, असं काय काय झालं. शेवटी ठरलं ते असं: फाट्यावर एका जागी थांबून व्हिडिओ घ्यायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी एकदा रस्त्याच्या बाजूनं शेतावरून सरळ 1.2 किलोमीटर फेरी मारून फोटो घ्यायचे. सेकंदाला 8 मीटर वेगानं गेलं तर अडीच मिनिटात फेरी होते. व्हिडिओतून किती गाड्या सुटतायत ते कळतं, फेरीतून किती अडकल्यात ते. रस्त्याच्या बरोबर वर न उडवता पिकावर उडवायचा याचं कारण उघड आहे, पडला तर माणसावर पडायला नको.

विमानातून फोटो काढून रस्त्यावरच्या गाड्या मोजायची ही कल्पना नवीन नाही बरं का. 1920 च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोर ते वॉशिंग्टन रस्त्यावर हेच केलं होतं, फिल्मच्या कॅमेऱ्यावर. ते वाचल्यावर जरा बळ आलं.

14 जानेवारी

संक्रांत. आभाळात पतंग आणि मांजा. उडवला नाही, उद्याही नाही.

18 जानेवारी, शनिवार

आज जमिनीवरच्या खुणा. वरनं घेतलेल्या व्हिडिओत एक पिक्सेल म्हणजे किती सेंटिमीटर हे पक्कं करायला रस्त्यावर मोजून खुणा लागतात. गणितानं 100 मीटरवर 3.7 सेंटिमीटर येतं, पण ड्रोन उंची सांगतो ती उडाला त्या जागेपासूनची सांगतो, आणि मी उडवते ते शेत रस्त्यापेक्षा दीड मीटर खाली आहे. म्हणून गणितावर विसंबले नाही.

आधी फक्कीनं रस्त्याच्या कडेला फुल्या मारल्या. अर्ध्या तासात टायरनी पुसल्या. मग फुटभर मापाच्या फरशीच्या तुकड्यांना पांढरा रंग दिला, त्या व्हिडिओत जेमतेम 8 पिक्सेल दिसतात आणि उन्हात डांबर चमकलं की शोधून सापडत नाहीत. दीड तास आणि रंगाचा डबा गेला. शेवटी दादानं जुने वाढदिवसाचे फ्लेक्स आणले, मागची बाजू पांढरी असते, त्याचे 60 बाय 60 चे चौकोन कापून अर्धा भाग काळा केला आणि साईडपट्टीच्या बाहेर खिळ्यांनी ठोकले. सहा खुणा, सगळ्यांमधली अंतरं टेपनं दोनदा मोजली. आता एकदम स्पष्ट दिसतात.

दुसऱ्या दिवशी एक फ्लेक्स गायब होता, तो एका काकांच्या कडब्याच्या गंजीवर सापडला, त्यांना वाटलं वाऱ्यानं उडून आलाय. सांगितल्यावर स्वतः परत ठोकून दिला आणि रोज येता-जाता बाकीच्यांवरही लक्ष ठेवतो म्हणाले. ठेवलं पण.

20 ते 24 जानेवारी

हे पाच दिवस माझे सगळ्यात वाईट गेले म्हणून सविस्तर लिहिते.

गाड्या ओळखायला योलो मॉडेल वापरायचं ठरवलं, म्हणजे फोटोतली वस्तू ओळखून तिच्याभोवती चौकोन काढणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, तयार शिकवलेला असतो. पहिल्याच क्लिपवर चालवलं आणि कार सोडून जवळपास काहीच सापडलं नाही. कारण एक, ते मॉडेल जमिनीवरून काढलेल्या फोटोंवर शिकलेलं, त्यानं मोटरसायकल बाजूनं बघितलेली, वरनं मोटरसायकल म्हणजे दोन खांदे, एक डोकं आणि एक बारीक पट्टी. मग व्हिसड्रोन नावाचा डेटासेट घेतला, तो चीनमधल्या शहरांवरून ड्रोननं काढलेल्या फोटोंचा आहे, त्यावर शिकवलेलं मॉडेल लावलं. कार, बस, ट्रक बरे आले. मोटरसायकली तरीही गायब.

इथं मी दोन दिवस चुकीच्या जागी शोधत बसले, सेटिंग बदल, परत चालव, कोलॅबचं (गूगलचा इंटरनेटवरून वापरायचा कॉम्प्युटर) फुकटचं सेशन मध्येच तुटलं की परत पहिल्यापासून. कारण साधं होतं. माझा व्हिडिओ 3840 पिक्सेल रुंद, आणि मॉडेल आत घेताना तो 640 ला आवळतं, म्हणजे सहापट बारीक. मूळ फ्रेममध्ये मोटरसायकल 50 पिक्सेल लांब असते ती 8 पिक्सेलची होते. आठ पिक्सेलमध्ये कुणाला काय ओळखू येणार!

उपाय म्हणजे फ्रेमचे तुकडे करायचे, शेजारच्या तुकड्यांची कड थोडी एकमेकांवर येऊ द्यायची, प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा आणि मग जोडायचं. त्याला वेळ फार लागतो, माझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांच्या क्लिपला रात्रभर. सेकंदाला 30 फ्रेम तपासायची गरज नाही हेही तेव्हाच कळलं, 10 पुरतात. शेवटी एका महिन्याचे पैसे भरून कोलॅब घेतलं. खर्च झाला पण झोप मिळाली.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर हायस्कूलच्या सरांनी नववीची सहा मुलं-मुली पाठवली, शाळेच्याच संगणक खोलीत. मॉडेल खरं मोजतंय की नाही हे माणसानं मोजल्याशिवाय कसं कळणार? एक क्लिप तीन जोड्यांना दिली, प्रत्येक जोडीनं स्वतंत्र मोजायची. तिन्ही जोड्यांचे आकडे 143, 144 आणि 143. मॉडेलचा आकडा 171.

कमी येईल असं मला वाटत होतं, जास्त कसा आला? एका मुलीनंच दाखवलं. "मॅडम, हे बघा की, ह्या ट्रॅक्टरला तीन चौकोन आलेत." ट्रॅक्टर एक, पहिली ट्रॉली दुसरी गाडी, दुसरी ट्रॉली तिसरी गाडी. आणि बैलगाडीत तर गाडी ट्रक म्हणून आणि दोन बैल दोन माणसं म्हणून. पोरं हसायला लागली पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चीनच्या शहरात आपला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर नाही, ऊसाची बैलगाडी नाही, मॉडेलनं ते कधी बघितलेलंच नाही.

30 जानेवारी, गुरुवार

मॉडेलला आपल्या गाड्या शिकवायला चार रात्री बसून 620 फ्रेमवर हातानं चौकोन काढले. दादानं अर्धे काढले. प्रकार ठेवले आठ: मोटरसायकल, सायकल, रिक्षा, कार-जीप, टेम्पो, ट्रक-एसटी, ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर, आणि बैलांसकट बैलगाडी. "सकट" हा शब्द महत्त्वाचा, चौकोन मुंडक्यापासून शेवटच्या ट्रॉलीच्या फळीपर्यंत एकच.

वळताना मात्र पंचाईत. सरळ जाताना ट्रॅक्टर-ट्रॉली एक लांब पट्टी असते, वळताना ती कोयत्यासारखी वाकते आणि सरळ चौकोनात मावत नाही, शेजारच्या चार मोटरसायकली त्याच चौकोनात येतात. म्हणून वळणाच्या जागी फिरवता येणारे तिरके चौकोन वापरले, योलोत तशी सोय आहे. एक पूर्ण जोडणी वरनं मोजली, साडेसतरा मीटर भरली.

हा प्रकार वेगळा काढायचा हट्ट का, तर रस्त्याच्या हिशेबात सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 64 मध्ये कार म्हणजे 1 धरली तर मोटरसायकल 0.5, ट्रक-बस 3, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर 4.5 आणि बैलगाडी 8. आठ! म्हणजे बैलगाडीला ट्रक आणि दोन माणसं म्हटलं की अख्खा हिशेब कोलमडला. मागच्या मोजणीत नुसती गाड्यांची बेरीज लिहिली होती, त्यात बैलगाडीची आणि मोपेडची रेघ सारखीच.

नव्यानं शिकवल्यावर त्याच क्लिपवर 146 आले. मुलांच्या 143 शी तीनचा फरक, ते तीन लिंबाच्या झाडाखाली गेलेल्या मोटरसायकली, प्रोग्राम मोजताना प्रत्येक गाडीला नंबर देतो, त्यांना झाडाच्या अलीकडं एक नंबर आणि पलीकडं नवीन नंबर. झाडाखालचा भाग मी मोजणीतून काढून टाकला, झाड काढायचा प्रश्नच नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

घार. सकाळी साडेनऊला दोन घारी ड्रोनच्या मागं लागल्या, एकीनं तर वरनं झेप घेतली. दादा ओरडला, "सरळ वर काढ, वर!" घार वरनं खाली झडप घालते, सरळ वर चढणाऱ्या वस्तूच्या मागं तिला लगेच येता येत नाही. काढला वर, पण 120 च्या पुढं जायचं नाही हे डोक्यात होतं, मग हळूहळू बाजूला नेऊन उतरवला. एका पंख्याच्या पात्याला चीर. पात्यांचा जोड 450.

फाट्याजवळच्या नारळावर घरटं आहे हे खालनं बघून कळलं असतं. आता उडवायची जागा ओढ्याच्या बाजूला हलवली. पाखराच्या घरात आपणच घुसलो होतो.

6 फेब्रुवारी, गुरुवार

बॅटरीवर कागदावर 31 मिनिटं लिहिलंय. वाऱ्यात एका जागी थांबून, परत यायला 25 टक्के राखून, मला 20 ते 21 मिळतात, सेकंडहँडवर 17. बदलायला, परत वर न्यायला, जागेवर आणायला चार मिनिटं. म्हणजे तासाभरात दहा-बारा मिनिटांची भोकं. 2018 साली अथेन्समध्ये दहा ड्रोन एकदम उडवून शहराची वाहतूक टिपली होती, त्यांनाही बॅटरीसाठी मध्ये खाली यावंच लागलं होतं, त्यामुळं मी याचं जास्त वाईट वाटून घेत नाही. फक्त भोक 5:00 ते 5:20 मध्ये येऊ नये एवढं जुळवते.

दुसरी गोष्ट मात्र माझी चूक. कार्ड जुन्या फॉरमॅटमध्ये होतं, त्यावर 4 जीबीला फाईल तुटते, या क्वालिटीला साधारण साडेपाच मिनिटात. तुटताना मध्ये काही फ्रेम जातात, आणि प्रोग्राम प्रत्येक फाईलला सगळ्या गाड्यांना नवीन नंबर देतो. मी चार दिवसांच्या फाईली नुसत्या एकामागं एक जोडल्या होत्या, सगळे जाणाऱ्या गाड्यांचे आकडे फुगले. परत चालवायला लागलं. आता प्रत्येक फाईलच्या शेवटच्या फ्रेममधल्या गाड्या पुढच्या फाईलच्या पहिल्या फ्रेमशी जागेवरून जुळवते, छोटा प्रोग्राम आहे, एका रात्रीत झाला.

9 फेब्रुवारी, रविवार

वेग तपासला. दादा मोटरसायकलवर, मोबाईलच्या जीपीएसवर 30 धरून फाट्यावरून सहा वेळा गेला-आला, सकाळी रस्ता रिकामा असताना. व्हिडिओतून 29 ते 31 आले. मग ओळखीच्या ट्रकवाल्या काकांना विनंती केली, त्यांनीही 30 धरून दोन फेऱ्या मारल्या, आणि त्यांचा वेग सारखा थोडा जास्त येत होता.

याचं उत्तर उंचीत आहे. आपण वरनं ट्रकचं छत बघतो, रस्ता नाही. छत 3 मीटर उंच असेल तर ते कॅमेऱ्यापासून 100 नाही तर 97 मीटरवर आहे, म्हणून तीन टक्के जास्त पळतंय असं दिसतं. वेगात तीन टक्के चालून जातील, पण फ्रेमच्या कडेला त्याच कारणानं छत बाहेरच्या बाजूला कलतं, मधोमधपासून 60 मीटरवर पावणेदोन मीटरपेक्षा थोडं जास्तच. तेवढ्यानं साईडपट्टीवरचा ट्रक रस्त्यावर दिसतो किंवा उलट. आता उंच गाड्यांची जागा मी छताच्या मध्यावरून न धरता फ्रेमच्या मध्याकडं ओढून दुरुस्त करते.

15 फेब्रुवारी, शनिवार

आज ते मिळालं ज्यासाठी दीड महिना चालला होता. शनिवार असून शाळेचे जादा तास होते, पोरं पाचलाच सुटली. वारा नाही, ऊन कललेलं.

5:08 ला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उजवीकडं कारखान्याच्या रस्त्याला वळायला थांबला. समोरून गाड्या फार नव्हत्या, त्याला वळायला फट मिळायला पाहिजे होती. पण मागच्या मोटरसायकली त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं सरकल्या, डावीकडून सरकलेल्या निघून गेल्या, उजवीकडून सरकलेल्या समोरच्या पदरात जाऊन उभ्या राहिल्या. आता समोरून आलेली जीप त्यांच्यासमोर थांबली. जीपमागं एसटी. ज्या जागेतनं ट्रॅक्टरला वळायचंय तिथंच सात मोटरसायकली. वरनं बघताना माझा जीव नुसता वरखाली होत होता, कारण तिथं एकही माणूस मुद्दाम काही वाईट करत नव्हता, प्रत्येकाला दोन मीटर मोकळे दिसत होते आणि तो ते दोन मीटर घेत होता. ट्रॅक्टर 47 सेकंद उभा होता. वळायला लागल्यावर शेवटची फळी रस्त्याबाहेर जायला त्याला 14 सेकंद लागले.

त्याच वेळी कडेला बघा, सायकलवाल्या मुली. रस्ता तुंबल्यावर साईडपट्टीही मोटरसायकलींनी भरली, तेव्हा त्या सायकलीवरून उतरल्या आणि ऊसाच्या बांधावरून एकामागं एक चालायला लागल्या. अकरा सायकली, वरनं मुंग्यांची ओळ. फडाच्या कडेनं दीडशे मीटर, मग मोरीच्या अलीकडं परत रस्त्यावर. मोरीवर कठड्यालगत एसटी उभी, तिच्या आणि कठड्याच्या मधून एक-एक करून गेल्या.

ही क्लिप मी परत परत बघितली.

17 ते 21 फेब्रुवारी

आलेखावर प्रत्येक गाडीची रेघ काढली. आडवा वेळ, उभं रस्त्यावरचं अंतर. चालती गाडी म्हणजे तिरकी रेघ, उभी गाडी म्हणजे आडवी रेघ. 5:08 च्या तिथं आडव्या रेघांचा काळा पट्टा दिसतो आणि तो पट्टा वेळेबरोबर मागं मागं सरकतो, तासाला 15 किलोमीटरच्या आसपास. ट्रॅक्टर गेला, फाटा मोकळा झाला, तरी 110 मीटर मागं फ्रेमच्या कडेला गाड्या आणखी अर्धा मिनिट उभ्याच. तिथल्या माणसाला समोर कारण काहीच दिसत नाही. आणि तेवढ्यात फाट्यावर पुढचा ट्रॅक्टर येऊन थांबतो, दुसरा पट्टा सुरू.

गावात सगळे म्हणत होते मोरीवर जाम होतं. फेरीच्या फोटोंत दिसतंय की जाम फाट्यावर जन्मतं आणि मोरीपर्यंत पोचलं की तिथं अडकून बसतं, कारण मोरीवर दोन मोठ्या गाड्या शेजारून जात नाहीत. मोरी रुंद केली आणि फाटा तसाच ठेवला तर रांग फक्त मोरीच्या पलीकडं जाईल.

आणि तो रजिस्टरचा प्रश्न. 15 तारखेला 3:45 ते 4:00 मध्ये फाट्यावरून 88 गाड्या गेल्या, 5:05 ते 5:20 मध्ये 81. रजिस्टर म्हणेल कमी झाल्या. पण फेरीच्या फोटोत पावणेचारला 1.2 किलोमीटरवर 13 गाड्या होत्या आणि सव्वापाचला 94.

हे दोन फोटो एकाखाली एक लावून एकाच कागदावर छापले. बाकीचं सगळं मागं जोडलं.

27 फेब्रुवारी, गुरुवार

ग्रामपंचायतीत बैठक. रस्त्याच्या कामाचे एक इंजिनिअर आले होते, कारखान्याच्या गट ऑफिसची माणसं, हायस्कूलचे सर. मी आलेख आधी दाखवायचं ठरवलं होतं, सरपंच काकी हळूच म्हणाल्या, "आधी पोरींचं दाखव." म्हणून सायकलींची क्लिप लावली. खोलीत कुणी बोललं नाही. ज्यांच्या मुली त्यात होत्या ते मागं उभे होते, एक जण पुढं आला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "ही आमची."

मग इंजिनिअरांनी स्वतःच 5:08 ला थांबवायला सांगितलं, तीन वेळा पुढं-मागं करून बघितलं आणि मागितलं ते नेमकं होतं: डाव्या अंगाला किती मीटर जादा पट्टी दिली तर मागच्या गाड्या ट्रॅक्टरला न अडवता जातील. माझ्याकडं मापं होती. साठ मीटर. त्यांनी व्हिडिओ, खुणांची मापं आणि मुलांनी हातानं मोजलेले कागद असं सगळं मागून घेतलं. हातानं मोजलेले कागद त्यांना सगळ्यात जास्त पटले, म्हणून 26 जानेवारीचा दिवस कुणी वगळू नये.

पट्टीला मंजुरी-निविदा हे सगळं लागणार, या सीझनला होणार नाही. तोवर गट ऑफिसनं कबूल केलं की 5:00 ते 5:30 मध्ये भरलेले ट्रॅक्टर फाट्याच्या आधी गायरानात थांबवायचे, स्लिपबॉय (ऊसाच्या खेपांच्या स्लिपा देणारा कारखान्याचा माणूस) तिथं उभा राहील. ड्रायव्हरांचा विरोध होता, अर्धा तास म्हणजे त्यांच्या खेपेवर परिणाम, आणि तोही खरा आहे. एक जण मला म्हणाला, "ताई, आमचं पण मोजा की, काट्यावर किती तास उभं असतो ते." मोजणार आहे, पुढच्या सीझनला.

8 मार्च, शनिवार

या सीझनचं शेवटचं उड्डाण. आठवड्यातल्या सहा दिवसांपैकी चार दिवस ट्रॅक्टर गायरानात थांबले, दोन दिवस स्लिपबॉय आला नाही आणि पहिल्यासारखंच झालं. थांबले त्या चार दिवसांतल्या सव्वापाचच्या फेऱ्यांत गाड्या 31, 27, 40 आणि 29. बांधावर एकही सायकल नाही.

एकूण खर्च 9,640, त्यात बॅटऱ्या, कार्ड, पाती, कोलॅब, रंग, पेट्रोल, छपाई. उडवण्याचे तास साधारण 14, लॅपटॉपवरचे तास मी मोजले नाहीत, दोनशेच्या वर नक्की. आमच्या 620 खुणा केलेल्या फ्रेम, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाडीसकट, ज्याला पाहिजे त्याला देईन, परत चार रात्री कुणी घालवू नयेत.

फ्लेक्सच्या खुणा काढल्या, खिळे वेचले. बॅटऱ्या 60 टक्क्यांवर आणून डब्यात ठेवल्या. कडब्यावाल्या काकांनी एक फ्लेक्स मागून घेतला.